दुसऱ्यासाठी मागणे

देवापाशी दुसऱ्यासाठी रदबदली करण्याला अर्थ काय, हा प्रश्न आमच्या बांधवांना पोथीतला वाटेल. पण तो घरोघरचा आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळले की आपण काय करतो? आजाऱ्याच्या नावाने अभिषेक सांगतो. पूर्वी त्याची दक्षिणा मनिऑर्डरीने जाई, आता मोबाईलवरून जाते. मंत्र म्हणणाऱ्याने आजाऱ्याचे तोंड पाहिलेले नसते, आणि पैसे धाडणाऱ्याला मंत्राचा अर्थ ठाऊक नसतो. मग येथे मागितले कोणी आणि कोणासाठी?

याचे अर्धे उत्तर जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढून दिले. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे त्या समाजाचे मुख्य तत्त्व. ज्याचे दुःख त्याने स्वतःच्या भाषेत, फुकट, निर्मिकाला सांगावे.

यावर काही जण विचारतात, “दलाल नको, तर दुसऱ्यासाठी प्रार्थना करणेही व्यर्थच की!” आम्हास हे मान्य नाही. दलाल वेगळा आणि कैवारी वेगळा. दलाल आधी आपली दस्तुरी घेतो; सौदा बुडाला तरी त्याचे काही जात नाही. कैवारी मात्र ज्याच्यासाठी मागतो त्याच्या शेजारी उभा राहतो. कोकणातले गाऱ्हाणे पाहा. एकजण बोलतो आणि सारा गाव ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतो. पीक बुडाले किंवा रोगराई आली तर ती बोलणाऱ्याच्या घरीही येणार असते. म्हणून त्या मागण्याला वजन असते.

परंतु देवापुढच्या रदबदलीचा खरा कस माणसांपुढे लागतो. सावित्रीबाईंनी २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावाहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात एक हकीकत आहे. पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा एक ब्राह्मण आणि सारजा नावाची एक अस्पृश्य मुलगी यांचे प्रेम जमले, ती गरोदर राहिली, आणि खवळलेले लोक त्या दोघांना मारावयास निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला आणि त्यांचे प्राण वाचविले. त्यांनी त्या दोघांची जात पाहिली नाही, की जमावाचा राग पाहिला नाही. दुसऱ्यासाठी मध्ये पडणे ते हे!

पुढे १८९७ च्या प्लेगात त्याच बाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. दुसऱ्याचे ओझे पाठीवर घेणे याहून मोठी प्रार्थना आम्हास तरी माहीत नाही.

तेव्हा बांधवहो, शेजाऱ्यासाठी हात अवश्य जोडा. त्याने तुमचे मन तरी त्याच्या दुःखाकडे वळेल. पण हात जोडून झाल्यावर ते रिकामे ठेवू नका. आजाऱ्यासाठी देवाला साकडे घातले असेल, तर एक रात्र त्याच्या उशाशी जागा. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी प्रार्थना केली असेल, तर त्याच्याबरोबर बँकेची पायरी चढा. जे मागणे करणाऱ्याला काहीच पडत नाही, ते देवाने तरी का ऐकावे?