चौकटीचे पैसे द्या

दसरा उलटला की आपल्या घराघरांतून जी निर्दय साफसफाई सुरू होते, तिच्याविरुद्ध मला भांडायचे आहे. सणाच्या अंकात भांडण कशाला, असे कुणी म्हणेल. पण हे भांडण दिवाळीचेच आहे, ते शिमग्याला कसे काढू?

चिखलीची कुदळवाडी म्हणजे आमच्या भागातील भंगाराची पंढरी. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो गोदामे आणि शेडे पाडली. पण भंगार का कधी संपते? मोशीकडून चाकणला जाताना रस्त्याकाठच्या अशाच एका पत्र्याच्या दुकानात मी शाळेसाठी जुने बाक शोधायला गेले होते. पुढे कारखान्यांतून आलेल्या लोखंडाचा ढीग. मागे भिंतीला टेकवलेले लोकांचे संसार.

बाक मिळाले नाहीत. दोसुतीवर भरलेली हंसांची जोडी मिळाली. हंस कसले, बदकेच ती! एकाची मान दुसऱ्याहून चांगली वीतभर लांब. खाली लाल दोऱ्याने 'सुस्वागतम्'. जागा न पुरल्याने शेवटचा म् बिचारा चौकटीवर चढू पाहत होता. पण तळ्याचे पाणी निळ्याच्या तीन छटांत, एकेक फुली मोजून भरलेले. शेजारी जलरंगातील एक कारखाना: धुराडे, मावळता सूर्य आणि फाटकाशी सायकलींची रांग. प्रत्येक सायकलीला आठवणीने घंटी काढलेली! नाव कशावरच नव्हते.

"दोन्हींचे काय घ्याल?"

"चौकटीचे पैसे द्या, बाई. चित्राचे काही नाही."

त्याच्यावर मी रागावले नाही. तो काचेचा आणि लाकडाचा भाव जाणतो, आणि तेवढाच सांगतो. राग आला तो ज्यांनी ती भिंतीवरून उतरवली त्यांचा. नव्या फ्लॅटला ती शोभत नाहीत म्हणे. मग शोभते काय? सात धावत्या घोड्यांचे छापील चित्र! आमच्या एका इमारतीत तेच घोडे चार घरांतून धावत आहेत.

"पण ती काही कला नव्हे," असे मला सुशिक्षित माणसे समजावतात. नसेल. मान लांब झाली हे मलाही दिसते. (मी कादंबऱ्या लिहिते, त्याही अशा दुकानांतून किलोवर मिळतात, तेव्हा कलेचा भाव मला ठाऊक आहे.) पुण्याच्या दिनकर केळकरांनी लोकांच्या माळ्यांवरचे अडकित्ते नि दिवे जमवले, तेव्हा त्यांना तरी कला कोण म्हणत होते? १९७५ साली त्यांनी तो संग्रह शासनाला दिला. आज आपण तिकीट काढून तो पाहतो, 'काय हो त्यांची हौस' म्हणतो, आणि घरी येऊन आजीचे भरतकाम भंगारात घालतो.

याहून मला चीड येते ती 'किती गोड!' म्हणत अशी चित्रे हसण्यासाठी विकत घेणाऱ्यांची. अमेरिकेत बॉस्टनला १९९३ साली चक्क वाईट कलेचे संग्रहालय निघाले. आरंभ झाला कचऱ्यातून उचललेल्या एका चित्राने: फुलांच्या रानात एक म्हातारी. लोक पोट धरून हसले. पुढे वर्तमानपत्रात ते चित्र पाहून एका बाईने ओळखले, ही तर माझी आजी! तिच्या आईने ते मुद्दाम काढवून घेतले होते.

मी हे सांगते आहे, पण माझे हात स्वच्छ नाहीत. माझे वडील पिंपरीला कारखान्यात होते. रविवारी ते उरलेल्या ऑइलपेंटने पत्र्याच्या तुकड्यांवर चित्रे काढीत. बहुतेक गावची नदी, आणि नदीचा रंग नेहमी दाराच्या रंगाचा. एका दिवाळीला घराला रंग दिला तेव्हा "आता ही कुठे लावायची?" म्हणून मीच ती भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवली. दादा दाराशी उभे होते. बोलले काहीच नाहीत. भंगारवाल्याला त्यांनी चहा घेणार का, एवढे विचारले.

तेव्हापासून पत्र्याचे दुकान दिसले की मी आत डोकावते. बाक हे निमित्त. जागा नसेल तर चित्र देऊन टाका, माझे म्हणणे नाही. पण देण्याआधी पाठीमागे पेन्सिलीने नाव तरी लिहा, कुणी केले, कुठे, कधी.

हंस आणि सायकली घेऊन निघताना मी दुकानदाराला विचारले, पत्र्यावर रंगवलेले काही येते का?

"येते की," तो म्हणाला. "दिवाळीच्या आदल्या आठवड्यात या, बाई. तेव्हा माल भरपूर असतो."