वजने उचलावीत, पण हिशेब कोणी ठेवायचा?

डिसेंबर २०२४ मध्ये मस्कतला झालेल्या ज्युनियर आशिया चषक हॉकीत भारताच्या मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही अजिंक्यपद पटकावले. त्याच वर्षी जानेवारीत येथेच झालेल्या पहिल्या हॉकी फाइव्हज विश्वचषकात आपल्या महिला उपविजेत्या ठरल्या. त्या संघात सातारा जिल्ह्याची ऋतुजा पिसाळ होती. येथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना मैदानाची ओढ लागली, तर नवल नाही. मैदानामागोमाग आता जिमही आले आहे, आणि घरोघरी वाद रंगतो. आजोबा म्हणतात, वजने उचलली की उंची खुंटते. नातू म्हणतो, दंड भरल्याशिवाय षटकार जात नाही.

आजोबांची भीती अनाठायी आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० साली स्पष्ट केले की, जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेला वजनांचा व्यायाम मुलांना सुरक्षित आहे व त्याने उंची खुंटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी ५ ते १७ वयोगटासाठी रोज सरासरी तासभर हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सुचवला आहे. आपल्या तालमीत लहान वयातच जोर-बैठका सुरू होत, त्याही याच जातीच्या.

मात्र तालमीत वस्ताद एकच असे. पोराने किती जोर काढले, किती लढती केल्या, आज अंग दुखते आहे का, हे सारे त्याच्या नजरेखाली असे. येथे मुलाला तीन वस्ताद आहेत : शाळेचे क्रीडाशिक्षक, क्लबचे कोच आणि जिमचे ट्रेनर. प्रत्येक जण आपल्यापुरते योग्यच सांगतो. बेरीज मात्र कोणीच करीत नाही. आमच्या मते खरी अडचण हीच आहे.

ही बेरीज करून पाहावी. चौदा वर्षांचा मुलगा आठवड्याला पाच संध्याकाळी दोन-दोन तास क्रिकेट खेळतो, शुक्रवारी पाच तासांचा सामना आणि तीन दिवस तासभर जिम. एकूण अठरा तास झाले. मुलाचे जितके वय, त्याहून अधिक तास आठवड्याला संघटित खेळात जाऊ नयेत, असा क्रीडावैद्यकातला एक ठोकताळा आहे. म्हणजे येथे चार तास जास्तच. त्यात तो वेगवान गोलंदाज असेल, तर वाढत्या वयातील पाठीच्या मणक्याला ताणाने तडा जाण्याचा धोका वेगळा.

शिवाय जास्त केले म्हणजे जास्त मिळतेच, असेही नाही. १९८० साली अमेरिकेतील संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी दहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. ताकद आणि दमसास हे दोन्ही व्यायाम एकत्र, भरगच्च करणाऱ्या गटाची ताकद सुरुवातीला वाढली. पण सातव्या-आठव्या आठवड्यानंतर वाढ थांबून ती घसरू लागली. प्रयोग प्रौढांवरचा होता, परंतु त्याचा बोध मुलांनाही लागू आहे : शरीर विश्रांतीत घडते.

ओमानचा उन्हाळा या हिशेबात धरलाच पाहिजे. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांना कामास लावण्याची येथे कायद्याने मनाई आहे. मैदान तापले की मुले थंड हवेच्या जिमकडे वळतात, हे स्वाभाविकच. त्या महिन्यांत खेळ कमी आणि वजने थोडी अधिक, हा क्रम सोयीचाही ठरतो. सामन्यांचा हंगाम सुरू झाला की वजनांचा व्यायाम आठवड्यातून एक-दोनदा पुरे; तो सामन्याच्या आदल्या दिवशी नको. आधी रिकाम्या बारने पद्धत पक्की करावी, मग वजन थोडे थोडे वाढवावे, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी असावी. भुकटीच्या डब्यांवर पैसे घालण्याआधी डाळ, दूध, अंडी आणि रात्रीची पुरेशी झोप यांकडे पाहावे.

पालकांनी एक साधी वही घालावी. रोजचा खेळ, जिम, झोप आणि दुखणे तीत लिहावे, आणि ती तिन्ही वस्तादांना दाखवावी. शाळांनी व क्लबांनीही ती आपणहून मागितली, तर फारच उत्तम. खर्च काहीच नाही, आणि मुलाचा खेळ पुढची अनेक वर्षे टिकेल.