बिनबक्षिसाचे कोडे

सोयगावासारख्या तालुक्याच्या गावी, जिथे सकाळची पहिली वर्दळ कापसाच्या भावाची आणि पावसाच्या लक्षणांची चौकशी करीत असते, तिथे वर्तमानपत्रातील शब्दकोड्यासाठी चार वयस्क माणसांनी नित्यनेमाने एकत्र बसावे, हे व्यवहारदक्ष मंडळींस पोरकट वाटते. त्यांच्या त्या मताचा आम्हांवर आजवर यत्किंचितही परिणाम झालेला नाही. मंडळात एक निवृत्त तलाठीआप्पा, एक गुरुजी, शिवणयंत्रावरून मान वर न करता शब्द पुरवणारे शिंपीकाका आणि प्रस्तुत लेखक. बैठक अर्थातच काकांच्या दुकानात. पेन्सिल गुरुजींच्या हाती असते, कारण आप्पा शाईनेच लिहितात आणि एकदा केलेल्या नोंदीत खाडाखोड करणे त्यांच्या दप्तरी शिस्तीस मंजूर नाही.

परवा सूचना आली, ‘मराठवाड्यातील जगप्रसिद्ध लेणी, तीन अक्षरे’. सर्वांनी एकमुखाने ‘अजिंठा’ म्हटले. का म्हणू नये? अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात असले तरी लेणी सोयगाव तालुक्यात मोडतात, हे आप्पा परगावच्या प्रत्येक पाहुण्यास चहाआधी ऐकवतात. गुरुजींनी लिहूनही टाकले. इतक्यात यंत्र थांबवून काका म्हणाले, “गुरुजी, उभ्यात ‘डोळ्यांत घालतात ते’ म्हणजे काजळ. त्यातला ‘ळ’ तुमच्या ‘ठा’वर येतोय की हो!” झाले, वेरूळ! आप्पांनी निकाल मान्य केला, परंतु कोडे रचणारा इसम खुलताबादकडचा असावा, असा शेरा मारूनच.

उभ्याने आडव्यावर ठेवलेला हा पहारा म्हणजेच या खेळाचा प्राण होय. आपल्या लिपीत एकेका चौकोनात काना, मात्रा, वेलांटीसह सबंध अक्षर बसत असल्यामुळे तो इंग्रजी कोड्याहूनही कडक होतो. ऱ्हस्व-दीर्घाची सवलत द्यावी की नाही, यावर आमच्याकडे अर्धा तास सहज जातो आणि गुरुजी कधीच देत नाहीत.

आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले शब्दकोडे छापले, ते निव्वळ करमणूक म्हणून. आपल्याकडे पुढे प्रवेश फी आणि मोठमोठ्या बक्षिसांची कोडी निघाली आणि हा पहाराच उठला. समजा, ‘जमिनीवरील कर’ अशी सूचना आहे आणि दुसऱ्या चौकोनात ‘रा’ छापलेला आहे. ‘सारा’ही बसतो, ‘धारा’ही बसतो, आणि पहिल्या चौकोनास उभा शब्द छेदतच नाही. मग उभी हयात सारावसुलीत घालवलेले आमचे आप्पा आणि चिठ्ठी टाकून अक्षर ठरवणारा पोऱ्या यांची योग्यता एकच. आयोजकाने आधी ठरवून ठेवलेला शब्द तेवढा बरोबर! सरकारने १९५५ साली कायदा करून महिन्याला एकूण हजार रुपयांहून अधिक बक्षिसे किंवा दोन हजारांहून अधिक प्रवेशिका असलेल्या अशा स्पर्धांना मनाई केली. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला यांच्या प्रकरणात फैसला दिला की, जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांना व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही आणि हा कायदा जिथे मुख्यतः कौशल्याची कसोटी लागते त्या स्पर्धांना लागू नाही. जुगार आणि कौशल्य यांतील ही सीमा न्यायमूर्तींनी कलमांच्या आधारे आखली. एवढेच काम आमचे शिंपीकाका एका ‘ळ’वर करतात, असे मी आप्पांना सांगितले, तर त्यांनी फैसल्याची नक्कल मागितली.

आमच्या कोड्यास छदामाचे बक्षीस नाही, म्हणून सूचना मोघम असली तर आम्ही रचणाऱ्यास यथेच्छ दोष देतो आणि चोख असली तर काका स्वखर्चाने चहा मागवतात. संपादकमहाशयांस एकच अर्ज आहे: उत्तर त्याच पानावर उलटे छापू नये, दुसऱ्या दिवशीच्या अंकात द्यावे, कारण आप्पांना उलटे वाचता येते.