संकोचाचा बाजार

‘गुप्तरोगावर खात्रीचा इलाज’ अशा जाहिराती तुमसर, पवनी, साकोलीच्या वाटसरूंना अपरिचित नाहीत. वास्तविक लैंगिक दुर्बलतेवरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. तरीही हा धंदा चालतो, कारण त्याचे खरे भांडवल गिऱ्हाइकाचा संकोच हे आहे. लाजलेला माणूस भाव करीत नाही आणि फसला तरी फिर्याद करीत नाही.

लिंगाला ताठरता न येणे हा पौरुषाचा नव्हे, पुष्कळदा रक्तप्रवाहाचा प्रश्न असतो, कधी चिंतेचा. मधुमेह, रक्तदाब व तंबाखू यांनी रक्तवाहिन्या बिघडतात. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून अरुंद. म्हणून तेथील बिघाड कित्येकदा आधी जाणवतो. चूर्णावर पैसा घालविणारा हृदयविकाराची पूर्वसूचनाच दडपीत असतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून कामविषयक अज्ञानावर शास्त्रीय भाषेत लिहिले आणि त्यापायी खटले सोसले. शासनाने कायदा राबवावा हे खरेच. परंतु सुशिक्षितांनीही ही तक्रार निःसंकोचपणे डॉक्टरांपुढे मांडावी आणि रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. गिऱ्हाईक बोलू लागले, की हा बाजार आपोआप बसेल.