ओट्यावर संगमरवर? आधी लिंबू पिळून बघा

एचएसआर लेआउटमधल्या नव्या घराच्या ओट्यासाठी जिगणीला दगड बघायला निघाला असाल, तर पिशवीत एक लिंबू ठेवा. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, आमसूल, टोमॅटो यांतलं आम्ल त्याला खातं आणि चकाकी जाऊन फिकट चट्टा उरतो. हा डाग नव्हे, झिजलेला दगड. तो पुसून जात नाही, पॉलिशच करावं लागतं.

म्हणून नमुन्याच्या तुकड्यावर रस टाकून 10 मिनिटं थांबा. चट्टा पडला, तर रोज आमटी-सार करणाऱ्या घरानं ग्रॅनाइट घ्यावा आणि संगमरवराची हौस पोळपाटावर भागवावी.

ओटा आधीच बसवला असेल तर:

• सांडलेलं लगेच टिपा.

• सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसून कोरडा करा. बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला व्हिनेगर मुळीच नको.

• तेलाच्या डागावर खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट लावून, प्लास्टिकनं झाकून 24 तास ठेवा.

• पाण्याचा थेंब मुरून दगड गडद दिसला, तर सीलर पुन्हा लावा. मात्र सीलर मुरणारे डाग रोखतो, लिंबाचा चट्टा नाही.