सहावा गडी

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कोण येते? सर्वांच्या पुढे धावणारा, छातीने फीत तोडणारा गडी. टाळ्या त्याला, इनाम त्याला आणि वर्तमानपत्रात फोटोही त्याचाच. मागून येणाऱ्यांची नावे कोणी विचारत नाही. म्हणून पुष्कळ मुलामुलींना वाटते, 'आपला पहिला नंबर येणारच नाही, मग धावायचे कशाला?' मला हा विचार चुकीचा वाटतो. तो का चुकीचा आहे, हे क्रॉस कंट्री नावाची शर्यत आपल्याला चांगले शिकवते.

क्रॉस कंट्री म्हणजे शेतांतून, माळावरून, टेकडीवरून धावण्याची लांब पल्ल्याची शर्यत. तिच्यासाठी आखीव धावपट्टी नसते. वाटेत चढ असतो, उतार असतो, चिखलही असतो. हा खेळ इंग्लंडमध्ये वाढला. तेथील काही शाळांत मुले एक खेळ खेळत. दोघेतिघे 'ससे' होत आणि कागदाचे तुकडे टाकत पुढे पळत. बाकीचे 'शिकारी कुत्रे' होऊन त्या तुकड्यांवरून त्यांचा माग काढत. हळूहळू मोठी माणसेही या खेळात रमली. १८६८ मध्ये लंडनला 'टेम्स हेअर अँड हाउंड्स' हा क्लब स्थापन झाला. त्याच्या नावातच ससा आणि शिकारी कुत्रे आहेत. १८७६ मध्ये इंग्लंडची पहिली राष्ट्रीय शर्यत झाली. पण गंमत अशी, की धावणारे वाट चुकले आणि ती शर्यत रद्द करावी लागली! दुसऱ्या वर्षी ती पुन्हा झाली. पुढे १९२७ पासून स्त्रियांचीही राष्ट्रीय शर्यत होऊ लागली.

आजही इंग्लंडमध्ये हिवाळ्याच्या अखेरीस ही राष्ट्रीय शर्यत होते. काही वेळा ती लंडनमधील पार्लमेंट हिल या टेकडीवर घेतात. हजारो माणसे एकदम चढ चढू लागतात. त्यांत नावाजलेले धावपटू थोडे असतात. बाकीचे सारे हौशी. आठवडाभर आपापली नोकरी किंवा अभ्यास करायचा आणि सुट्टीच्या दिवशी क्लबचा बनियन घालून चिखलात उतरायचे, असा त्यांचा शिरस्ता. त्यांतील बहुतेकांना इनाम मिळणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. तरीही ते जीव तोडून धावतात. का बरे?

याचे एक कारण शर्यतीच्या हिशेबात आहे. येथे एकट्याचा क्रमांक लागतो, तसा क्लबच्या संघाचाही लागतो. पुरुषांच्या शर्यतीत प्रत्येक क्लबच्या पहिल्या सहा जणांचे क्रमांक घेऊन त्यांची बेरीज करतात. ज्या क्लबची बेरीज सर्वांत कमी, तो क्लब जिंकतो.

एक उदाहरण पाहू. समजा, एका क्लबचे सहा जण १, १५, ३०, ५५, ९० आणि २०० या क्रमांकांवर आले. त्यांची बेरीज ३९१ झाली. दुसऱ्या क्लबचे सहा जण ४, २०, ३५, ६०, ९५ आणि १४० या क्रमांकांवर आले. त्यांची बेरीज ३५४ झाली. पहिल्या क्लबचा गडी सर्वांत पुढे होता, तरी जिंकला दुसरा क्लब! त्याला कोणी जिंकवले? १४० व्या क्रमांकावर धापा टाकत आलेल्या सहाव्या गड्याने. पुढच्या गड्याने कमावलेला एक गुण आणि मागच्या गड्याने कमावलेला एक गुण, दोहोंची किंमत सारखीच.

ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. १९२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्रीची शर्यत झाली. त्या दिवशी भयंकर ऊन होते. ३८ जण धावू लागले आणि केवळ १५ जण शेवटपर्यंत पोहोचले. फिनलंडचा थोर धावपटू पावो नुर्मी पहिला आला. त्याचाच देशबांधव व्हिले रिटोला दुसरा आला. पण संघाच्या सुवर्णपदकासाठी तीन गडी पोहोचणे जरूर होते. तिसरा हाइकी लीमाटाइनेन उन्हाने पार थकून गेला होता. तरीही तो पाय ओढत बाराव्या क्रमांकावर पोहोचला. तेव्हाच फिनलंडच्या संघाला सुवर्णपदक मिळाले. बारावा गडी थांबला असता, तर पहिल्याच्या गळ्यात संघाचे पदक पडले नसते.

कोणी म्हणेल, 'मागच्यांचे इतके कौतुक केले, तर पुढे जाण्याची जिद्द कोण धरील?' ही शंका बरोबर नाही. क्रॉस कंट्रीत पहिल्याचा मान कमी होत नाही. त्याचे इनाम त्याला मिळतेच. फक्त मागच्यांची मेहनतही हिशेबात धरली जाते. उलट आपला प्रत्येक क्रमांक मोजला जाणार, हे कळले की मागचा गडीही जिद्दीने एकेकाला मागे टाकू लागतो.

आपल्या शाळांच्या क्रीडादिनी बहुधा तिघांनाच मंचावर बोलावतात. उरलेली मुले एकदा मागे राहतात, दोनदा राहतात आणि मग मैदानावर येणेच सोडून देतात. हे मोठे नुकसान आहे. धावण्याने शरीर बळकट होते, दम वाढतो, मन प्रसन्न राहते. हे फायदे काही फक्त पहिल्या तिघांसाठी नाहीत. म्हणून मला वाटते, प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा तरी अशी संघाची शर्यत घ्यावी. प्रत्येक वर्गाची मुले आणि मुली धावाव्यात, सहा-सहा जणांचे क्रमांक मिळवावेत आणि ज्या वर्गाची बेरीज कमी, त्याला ढाल द्यावी. यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक मैदान, एक वही आणि एक पेन्सिल पुरे.

मग वर्गातला सर्वांत चपळ मुलगा रेषा ओलांडून घरी जाणार नाही. तो मागे वळेल आणि आपल्या सहाव्या गड्याला हाक मारील, "ये, आणखी थोडेच राहिले आहे!" ज्याला आजवर कोणी हाक मारली नव्हती, त्याच्यासाठी ही हाक लाखमोलाची असेल.