औषधाच्या नावाने विष : माहिती देण्याची जबाबदारी कोणाची?

विषारी रसायन हाताळणाऱ्या कामगाराला त्या रसायनाची पूर्ण माहिती मिळाली पाहिजे, हे तत्त्व आपल्या देशाने भोपाळची किंमत मोजून स्वीकारले. १९८४ च्या डिसेंबरात त्या शहरात मिथिल आयसोसायनेट वायू पसरला, तेव्हा दवाखान्यांत धावणाऱ्या डॉक्टरांनाही नेमका कशावर उपचार करावयाचा हे माहीत नव्हते. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या नागरिकांनाही देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ च्या नियमांनी प्रत्येक धोकादायक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक तयार करण्याची सक्ती केली. रसायनात काय आहे, ते अंगावर सांडले अथवा श्वासावाटे गेले तर काय होते, प्रथमोपचार कोणता, डॉक्टरांना काय सांगावे, हे सारे त्या पत्रकात असावे लागते.

भोपाळचा तो कारखाना कीटकनाशकांचाच होता, हे मात्र आपण विसरतो. कारखान्याच्या फाटकाच्या आत कामगाराला मिळालेला हा हक्क, तेच रसायन बाटलीत भरून शेताच्या बांधावर पोहोचले की कोठे जातो, असा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे.

नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या गावाचे उदाहरण घेऊ. या तालुक्यात कापूस व मिरची ही नगदी पिके. दोन्ही पिकांवर फवारणी भरपूर होते. ती करणारा बहुधा भूमिहीन किंवा अल्पभूधारक आदिवासी मजूर असतो. घरी तो भिली बोलतो, बाजारात अहिराणी. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे प्रत्येक वेष्टनात माहितीपत्रक असते आणि ते प्रादेशिक भाषेतही असावे लागते. कायद्याचे समाधान तेवढ्याने होते. परंतु ती घडी घातलेली, बारीक अक्षरांची चिठ्ठी दुकानातून फार तर मालकाच्या घरापर्यंत येते. मजुराच्या हाती येतो तो भरलेला पंप.

शिवाय आपली भाषाच येथे घात करते. गावात कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. ‘औषध मारायला’ जाणाऱ्या माणसाला आपण विष हाताळीत आहोत, हे त्या शब्दातून कसे कळावे? बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे बिनधोक, असे कोणीही सहज समजेल. वास्तविक तो कमी विषारी आहे एवढेच सांगतो.

या अज्ञानाची किंमत २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने मोजली. त्या वर्षीच्या फवारणीच्या हंगामात तेथे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. कित्येकांनी दोन-तीन रसायने एकत्र मिसळली होती. अशा मिश्रणाचे माहितीपत्रक कोणाकडेच नसते, आणि रुग्णाने काय फवारले हे सांगता आले नाही तर डॉक्टरांचेही हात बांधले जातात. शासनाने विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना दोन लाख रुपये जाहीर केले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. पीडितांपैकी काहींनी सिंजेंटा या कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. विदर्भातील विधवेला बाझेलच्या न्यायालयापर्यंत जावे लागते, ही आपल्या कायद्याच्या दुबळेपणाची साक्ष आहे.

अशा प्रत्येक प्रसंगी एक युक्तिवाद ठरलेला असतो : मजूर हातमोजे घालीत नाहीत, तोंडाला काही बांधीत नाहीत, दोष त्यांचाच. हा युक्तिवाद तपासून पाहावा. ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, प्लास्टिकचा अंगरखा घालून दिवसभर पंप वाहणे किती जणांना शक्य आहे? पुष्कळ ठिकाणी मजुरी पंपावर ठरते. जो जपून काम करील, त्याचे पंप कमी भरतील आणि मजुरीही घटेल. सावधगिरीची किंमत मजुराच्या पोटातून वसूल करणारी पद्धती आपणच चालवावी आणि मग त्याला बेफिकीर म्हणावे, हा न्याय नव्हे. जे रसायन आपल्या हवामानात, आपल्या मजुराच्या परिस्थितीत सुरक्षितपणे वापरताच येत नाही, ते विकण्याची परवानगी मुळात का असावी, हा खरा प्रश्न आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या व्यवहारात ज्ञान आणि जोखीम एकमेकांच्या उलट दिशेने वाटली गेली आहेत. रसायनाची सर्वांत अधिक माहिती उत्पादकाला, त्याहून कमी विक्रेत्याला, त्याहून कमी शेतकऱ्याला आणि जवळजवळ शून्य मजुराला. नफा याच क्रमाने घटत जातो. शरीरावरची जोखीम मात्र नेमकी याच क्रमाने वाढत जाते. म्हणून जबाबदारीचा क्रम ज्ञानाच्या आणि नफ्याच्या क्रमाने लावला पाहिजे. कामगारांना प्रशिक्षण देण्याची व उतारे जवळ ठेवण्याची जबाबदारी १९७१ चे नियम उत्पादक व वितरकांवरही टाकतात. ती कारखाना आणि गोदाम यांच्यापाशी थांबता कामा नये.

लहान शेतकरी स्वतःच कर्जात बुडालेला असताना त्याच्यावर आणखी बोजा का, असा प्रश्न आपले काही साथी करतील. प्रश्न रास्त आहे. अनेकदा तोच उधारीवर बाटली आणतो आणि तोच फवारतो. त्याला आरोपी करून काही साधणार नाही. पण दहा-वीस एकर बागायत करणारा, सालदार ठेवणारा मालक हा नियोक्ता आहे आणि नियोक्त्याची कर्तव्ये त्याने पाळलीच पाहिजेत.

कायद्याची वाटचाल मात्र उलट दिशेने चालली आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याची जागा घेणारे विधेयक २००८ साली मांडले गेले, २०२० साली पुन्हा मांडले गेले. त्या काळात यवतमाळ घडून गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. कारखान्यातलाच कामगार संरक्षणाबाहेर ढकलला जात असताना बांधावरच्या मजुराची आठवण कोण ठेवणार?

ती आपण ठेवली पाहिजे. १९७२ च्या सुमारास शहाद्याच्या श्रमिक संघटनेने सालदाराच्या मजुरीचा प्रश्न उभा केला, तेव्हाही तो मालक व सालदार यांच्यातला खाजगी मामला आहे असेच सांगितले जात होते. संघटनेने तो सार्वजनिक केला. फवारणीचा प्रश्नही तसाच सार्वजनिक करावा लागेल.

त्यासाठी मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक विक्रीबरोबर ठळक अक्षरांतील, चित्रांसह एक पानी माहितीपत्रक विक्रेत्याने द्यावे. भिली व अहिराणीत ते समजावून सांगण्याचा खर्च उत्पादकांनी उचलावा. फवारणीची मजुरी पंपावर नव्हे, दिवसावर ठरावी. तालुक्यात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकाची यादी व त्यावरील उपचार ग्रामीण रुग्णालयात हंगामापूर्वी पोहोचावेत. ज्याला उतारा नाही, ते विकूच नये.

कार्यकर्त्यांना मात्र शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या हंगामाआधी आपल्या गावाच्या ग्रामसभेत दुकानातल्या बाटल्यांवरील चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात, मजुरांच्या भाषेत त्यांचा अर्थ सांगावा, आणि त्यांना ‘औषध’ न म्हणता विष म्हणण्यापासून सुरुवात करावी.